लोणचं, फुलं आणि व्हिएन्नाचे डॉक्टर

प्रश्न : ताई, सासूबाई तशा मायाळू आहेत पण पाळीच्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावू देत नाहीत, नासतं म्हणे. मी हसण्यावारी न्यायचे. आता दिरांनी व्हॉट्सअॅपवर आलेला मेसेज दाखवला, व्हिएन्नाच्या एका डॉक्टरांनी पाळीच्या बाईच्या अंगात विष असतं हे सिद्ध केलंय असा. खरंय का? आणि लेक नववीत आहे, तिला काय सांगू?

उत्तर : अगं मेसेज अर्धा खरा आहे, तीच तर पंचाईत. डॉक्टर खरे, बेला शिक, घटसर्प म्हणजे डिप्थीरिया होण्याचा धोका तपासणारी शिक टेस्ट यांचीच. १९२० मध्ये त्यांनी लिहिलं की घरकामाच्या बाईकडे फुलं दिली ती कोमेजली, चौकशी केली तर तिची पाळी चालू, झालं, तिच्या अंगातून विष येतं असं ठरलं आणि त्याला मेनोटॉक्सिन असं भारदस्त नावही मिळालं. पुढे अमेरिकेत उंदरांना पाळीचं रक्त टोचलं, उंदीर मेले, म्हणजे पुरावाच की! १९५३ मध्ये झोन्डेक नावाच्या डॉक्टरांनी तसंच रक्त अँटिबायोटिक घालून टोचलं तर प्राणी जगले. म्हणजे जे काही होतं ते बाहेरून रक्तात शिरलेल्या जंतूंचं काम. तरी १९७४ मध्येसुद्धा लॅन्सेटसारख्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात यावर पत्रं छापून येत होती, आता बोला!

लोणच्याला बुरशी येते ती ओल्या डावाने, नाहीतर फोडी तेलाच्या वर राहिल्या की. हे सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

स्त्रीवादी अभ्यासक या सगळ्यात एक वेगळाच प्रश्न विचारतात, की डॉक्टरला असा संशय मुळात आलाच कसा. समज आधीच डोक्यात होता, प्रयोग नंतर आला. एमिली मार्टिन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ च्या पुस्तकात मेडिकलची क्रमिक पुस्तकंच तपासली. गर्भाशयाचं अस्तर पडलं की तिथे ऱ्हास, कचरा, गर्भ राहिला नाही म्हणून फुकट गेलेली तयारी अशी भाषा, आणि जठराचं अस्तरही सारखं गळत असतं पण तिथे मात्र नूतनीकरण! त्यांनी बाल्टिमोरच्या बायकांनाही विचारलं, पाळी म्हणजे काय. शिकलेल्या मध्यमवर्गी बायकांनी पुस्तकी उत्तर दिलं, अंडं, अस्तर वगैरे. कामगार घरातल्या बऱ्याच जणींनी ते टाळून कसं वाटतं, काय दिसतं, काय करावं लागतं ते सांगितलं. मला तरी दुसऱ्या जास्त हुशार वाटतात.

लेकीसोबत तिच्या विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा काढून बस आणि कुठले शब्द वापरलेत ते दोघी मिळून पेन्सिलने अधोरेखित करा. दिरांनाही बसवलंस तर उत्तम, मेसेज त्यांनीच आणलाय ना.