निर्वसाहतीकरण : पण उठवली कुठली वसाहत?

एका अनुवादक मैत्रिणीचा प्रश्न आहे. ती हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरचा लेख मराठीत आणते आहे आणि 'मॉरिशसचं निर्वसाहतीकरण अपुरं राहिलं' या वाक्यावर अडली आहे. इंग्रजी 'डीकॉलनायझेशन'ला, म्हणजे परकी सत्ता जाऊन वसाहत स्वतंत्र होण्याला, 'निर्वसाहतीकरण' चालेल का? आणि पुढे आपलं राजकीय भवितव्य आपणच ठरवण्याच्या हक्काला 'आत्मनिर्णय' लिहायचं की 'स्वयंनिर्णय'?

दुसरं सोपं आहे, ते आधी उरकतो. मराठीत 'स्वयंनिर्णय' रुळलेला आहे, 'आत्मनिर्णय' हिंदी वर्तमानपत्रांतून शिरतो. शिवाय आत्मपरीक्षण, आत्मचिंतन, आत्मक्लेश ही मंडळी पाहता 'आत्म' लागला की मराठी कानाला माणूस डोळे मिटून बसलेला दिसतो. राजकीय हक्काला 'स्वयं' बरा.

आता पहिलं. व्याकरणाच्या बाजूनं 'निर्वसाहतीकरण' या शब्दाला बोट लावायला जागा नाही. निर्जंतुकीकरण, निर्जलीकरण, निर्बीजीकरण यांच्याच साच्यातून तो निघाला आहे. पण हा साचा काय करतो ते बघा. जे नाव मधे येतं, ते त्या जागेतून काढून टाकतो. पाण्यातले जंतू जातात, फळातलं पाणी जातं. मग निर्वसाहतीकरणात काय जायला हवं? वसाहत. आणि वसणे, वस्ती यांच्या घरातला हा शब्द आपण रोज पोलीस वसाहत, औद्योगिक वसाहत, कर्मचारी वसाहत असा वापरतो. माझे एक काका नगरपालिकेच्या अतिक्रमण विभागातून निवृत्त झाले. त्यांना हे वाक्य वाचून दाखवलं. चष्मा न काढता त्यांनी विचारलं, "किती घरं पाडली?"

घाना किंवा केनियाबद्दलचं वाक्य असतं तर हा किस्सा हसून सोडून दिला असता. संदर्भ वाचकाला सांभाळून घेतो. चागोसच्या बाबतीत मात्र काकांचा प्रश्न अगदी बरोबर आहे.

१९६५च्या नोव्हेंबरात, मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याच्या वाटाघाटी चालू असताना, ब्रिटननं चागोसचा द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला आणि त्याची 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश' नावाची वेगळी वसाहत केली. मॉरिशसला त्याबद्दल ३० लाख पौंड दिले. मॉरिशस १२ मार्च १९६८ला स्वतंत्र झाला, पण या बेटांशिवाय. अमेरिकेला त्यातल्या दिएगो गार्सिया या सर्वांत मोठ्या बेटावर लष्करी तळ हवा होता आणि तोही रिकाम्या बेटावर. तिथे तर नारळाच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबणारी माणसं होती. आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे आणि मागून आलेल्या भारतीय मजुरांचे हे वंशज. त्यांची स्वतःची क्रिऑल (फ्रेंचवर आधारलेली मिश्र) बोली होती, चर्च होतं, दफनभूमी होती. १९६८ ते १९७३ या काळात त्या सगळ्यांना हलवलं. आधी औषधोपचाराला किंवा नातेवाइकांकडे मॉरिशसला गेलेल्यांना परतीची बोट नाकारली. मग किराणा-सामान येणं कमी केलं. शेवटी उरलेल्यांना जहाजात घालून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवलं. १९७१मध्ये दिएगो गार्सियावरची त्यांची कुत्री गोळा करून मारली, तीही धुरानं गुदमरवून.

म्हणजे चागोसमध्ये साम्राज्य राहिलं आणि वस्ती गेली. शब्दाचा साचा अक्षरशः धरला तर 'निर्वसाहतीकरण' पूर्ण झालं होतं, आणि लेखक म्हणतोय की ते अपुरं राहिलं! एकाच शब्दाला दोन विरुद्ध घटना लागू होत असतील तर तो शब्द निदान या लेखापुरता बाजूला ठेवावा.

मी 'वसाहतमुक्ती' घेईन. इथेही 'वसाहत' आहेच, पण मुक्ती कुणाला तरी मिळते, त्यामुळे ती व्यक्ती किंवा तो देश वाक्यात डोकावतो. १९ डिसेंबर १९६१बद्दल बोलताना आपण 'गोवा मुक्ती'च म्हणतो, गोव्याचं निर्वसाहतीकरण झालं असं पणजीत किंवा पेडण्यात कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. (जाता जाता: विशेषण 'वासाहतिक' की 'वसाहतिक' हा वाद मी टाळतो. 'वसाहतकालीन' लिहून मोकळा होतो.)

आणि माणसांना हलवलं त्याला काय म्हणायचं? मैत्रिणीच्या मसुद्यात 'विस्थापन' आहे. चूक नाही, पण सरकारी कागदाचा वास येतो. धरणाखाली गाव गेलं की माणसं म्हणतात 'गाव उठलं', आणि कुणी मुद्दाम घालवलं तर 'गाव उठवलं'. बेटंही उठवली. चागोसची माणसं स्वतःसाठी 'देरासिने' म्हणतात, म्हणजे मुळासकट उपटलेले. याहून जुना शब्द हवा तर 'ओस' घ्या. संस्कृत 'उद्वस'वरून तो आला, त्यातही तोच वस् धातू आहे. वसाहत आणि ओस ही एकाच धातूची दोन टोकं. 'बेटं ओस पाडली'मधलं पाच अक्षरी क्रियापद 'लोकसंख्येचे निष्कासन' या अजस्र प्रकाराला केव्हाही भारी पडेल.

एक इशारा मात्र 'स्वयंनिर्णया'बद्दल द्यायचा राहिला. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २५ फेब्रुवारी २०१९ला १३ विरुद्ध १ मतांनी सांगितलं की मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झाली नव्हती. (हे 'सल्लागार मत' आहे, 'निकाल' लिहू नये.) तिथे स्वयंनिर्णय आहे तो मॉरिशसच्या जनतेचा. २२ मे २०२५च्या करारात ब्रिटननं बेटांचं सार्वभौमत्व मॉरिशसला द्यायचं मान्य केलं आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं ठेवून घ्यायचं ठरवलं. तेव्हा अनेक चागोसवासीयांनी तक्रार केली की आम्हाला कुणी विचारलंच नाही. त्यांच्या तोंडी स्वयंनिर्णय येतो तेव्हा 'स्वयं' म्हणजे ते स्वतः.

मराठीत 'लोक' मुळातच अनेकवचनी असल्यामुळे 'लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क' या शब्दांत कुठले लोक ते लपून जातं. वसाहतींना स्वातंत्र्य देण्याबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९६०च्या १५१४ क्रमांकाच्या ठरावात अभिप्रेत आहेत ते वेगवेगळे लोकसमूह. म्हणून दर वेळी 'मॉरिशसच्या जनतेचा' किंवा 'चागोसवासीयांचा' असं नाव घेऊनच लिहा, वाक्य दोन शब्दांनी लांबलं तरी चालेल. मूळ वाक्य मी असं करीन : 'ब्रिटननं बेटं तोडून घेतली आणि ओस पाडली, त्यामुळे मॉरिशसची वसाहतमुक्ती अर्धवट राहिली.'