शटल म्हणजे आधी धोटा, मग बाकीचं सगळं

एका ताईंनी विचारलंय की मुलगी बीएस्सीला आहे, तिच्या पुस्तकात 'मॅलेट-ॲस्पार्टेट शटल' आलंय, टीव्हीवर स्पेस शटल, एअरपोर्टवर शटल बस, बॅडमिंटनचं शटल, आणि त्यांचे वडील इथं सोलापुरात मिलमध्ये होते ते मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यालाच शटल म्हणायचे, तर हे सगळे एकच शब्द का योगायोगानं सारखे? आणि दुकानाचं शटर पण त्यातलंच का?

एकच शब्द. बस आणि रेल्वेवर वेळ घालवत नाही, दोन ठिकाणांत सारखी ये-जा करते ती शटल, झालं.

पण स्पेस शटलचं आधी बोलायलाच पाहिजे, कारण हे ऐकून ऐकून कान किटलेत. आकाशात काहीही उडालं की लोक म्हणतात 'इस्रोनं शटल सोडलं'. चांद्रयान-3 च्या वेळी पण हेच, 14 जुलै 2023 ला उडालं ते एलव्हीएम-3 रॉकेट होतं, त्यातलं लँडर चंद्रावर उतरलं आणि तिथंच राहिलं, ते शटल कुठनं झालं? जे परत येतं आणि पुन्हा जातं तेच शटल. अमेरिकेची स्पेस शटलं 12 एप्रिल 1981 पासून जुलै 2011 पर्यंत उडली, 135 मोहिमा, खाली येताना विमानासारखी धावपट्टीवर उतरायची आणि डागडुजी करून परत वर जायची, म्हणून ते नाव. आपल्याकडं त्याच्या जवळ जाणारं म्हणजे इस्रोचं पुष्पक, परत वापरता येणारं प्रायोगिक यान, 2024 मध्ये चित्रदुर्गजवळ हेलिकॉप्टरमधनं सोडून उतरवून बघितलं ते. त्याला शटल म्हणा, माझी हरकत नाही. आणि मराठी पेपरवाले स्पेस शटललाही 'अंतराळयान' लिहितात आणि चांद्रयानालाही 'अंतराळयान' लिहितात, म्हणजे फरक जो होता तोच पुसून टाकला. 'फेरीयान' म्हणा की सरळ.

आता मूळ. सोलापूरच्या माणसाला हे सांगायला लागू नये, पण विणकरांच्या पूर्व भागात सुद्धा आता बऱ्याच कारखान्यांत रेपियर, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे माग, आलेत आणि पोरांनी धोटा हातात घेतलेला नसतो, म्हणून सांगतो. लाकडाचा, होडीसारखा लांबट, दोन्ही टोकांना लोखंडी अणी, मधे पोकळ, पोकळीत आडव्या सुताची कांडी, आणि कडेला एक भोक ज्यातनं सूत बाहेर येतं. उभं सूत वहीनं, म्हणजे सूत उचलणाऱ्या चौकटीनं, वर-खाली उघडलं की त्या फटीतनं धोटा मागाच्या या कडेच्या पेटीतनं त्या कडेच्या पेटीत जातो, फणी सूत ठोकते, परत फट, परत धोटा. यंत्रमागावर हे मिनिटाला शे-दीडशे वेळा. जुन्या गिरण्यांत कांडी बदलली की सुताचं टोक त्या भोकातनं तोंडानं ओढून घ्यायची पद्धत होती, आणि मुंबईच्या गिरण्यांत याच उष्ट्या धाग्याचं कारण काढून दलित कामगारांना विणाई खात्यात घेत नसत, 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो प्रश्न लावून धरला होता. एवढ्याशा भोकाचा एवढा इतिहास आहे, आणि आपण शटल म्हटलं की एअरपोर्टची बस आठवतो.

इंग्रजीत हा शब्द आला कुठनं, तर जुन्या इंग्रजीतला साधारण 'श्युटेल' असा उच्चार असलेला शब्द, अर्थ बाण, फेकून मारायचं हत्यार. 'शूट' च्याच कुळातला. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेत त्याचा भाऊ 'स्कुटिल' म्हणजे मासे मारायचा भाला. म्हणजे इंग्रज विणकरानं धोट्याकडं बघितलं आणि त्याला सुटलेला बाण दिसला! फ्रेंच माणसानं त्याच धोट्याकडं बघितलं आणि त्याला छोटी होडी दिसली, 'नाव्हेत', आणि आज स्पेस शटललाही फ्रेंचमध्ये तोच शब्द आहे. एकानं चाल बघितली, एकानं आकार बघितला. जॉन के नं 1733 मध्ये दोरी ओढून धोटा उडवायची युक्ती काढली, तिचं नाव फ्लाइंग शटल. पण हे नाव पडायच्या कितीतरी आधीपासून, विणकर हातानं धोटा टाकायचा तेव्हापासून, शब्दाच्या पोटात बाण होताच.

बॅडमिंटनचं जे आपण फूल म्हणतो, त्याचं पूर्ण नाव शटलकॉक, शटल इकडून तिकडं जातं म्हणून आणि कॉक पिसांमुळं.

आणि हो, 'ताणाबाणा' म्हणजे उभं-आडवं सूत, त्यातला बाणा म्हणजे बाण, म्हणून मराठी आणि इंग्रजीचं एकच, असं काही जण ठोकून देतात. मला आवडलं असतं. पण चूक आहे. तो बाणा संस्कृतातल्या 'वे' म्हणजे विणणे या धातूच्या कुळातला, बाणाशी त्याचा काही संबंध नाही. कानाला सारखं लागलं म्हणून व्युत्पत्ती होत नसते.

खरी गंमत संस्कृतात आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात हीच गोष्ट सांगण्यासारखी आहे. धोट्याला संस्कृत शब्द 'तसर'. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, 130 व्या सूक्तात, यज्ञ म्हणजे विणलं जाणारं वस्त्र अशी कल्पना आहे आणि तिथं ऋषी म्हणतो की त्यांनी सामांचे तसर केले, विणायला. गाण्याचे धोटे! आणि हाच तसर म्हणजे आपलं टसर सिल्क, विदर्भात भंडारा-गडचिरोलीकडं ऐन-अर्जुनाच्या झाडांवर होतं आणि कोसा म्हणतात ते. आता रेशमाला धोट्याचं नाव का? शब्दकोशकार सांगतात की किड्याचा कोष धोट्याच्या आकाराचा, म्हणून. मला हे मुळीच पटत नाही. टसरचा कोष हातात घेऊन बघा, अंड्यासारखा गोल-लांबट, वर एक देठ, धोट्याच्या अणकुचीदार टोकांशी त्याचं काय साम्य आहे? माझं म्हणणं असं की नाव आकारावरून नाही, कामावरून पडलं. धोट्यात सूत आत गुंडाळलेलं असतं आणि ओढलं की बाहेर येत राहतं, कोषातही सूत आत गुंडाळलेलं असतं आणि ओढलं की येत राहतं. विणकरानं तो कोष बघितला आणि म्हणाला हा तर भरलेला धोटाच झाडाला लटकलाय. विणकर वस्तूला नाव देतो ते कामावरून देतो, टेबलावर बसून आकार बघणारा कोशकार वेगळा.

त्याच ऋचेत 'मयूख' पण आलाय, तिथं अर्थ खुंट्या, मागाचं सूत ताणायच्या. पुढं मयूख म्हणजे किरण झाला. आणि लॅटिनमध्ये 'रेडियस' म्हणजे काठी, चाकाचा आरा, किरण, आणि विणकराचा धोटा सुद्धा! दोन्ही भाषांत मागावरच्या लाकडाच्या तुकड्याचं नाव आणि किरणाचं नाव एकच, हा मेळ मला फार आवडतो, भूमितीच्या तासाला त्रिज्या शिकवताना कुणी हे सांगत नाही याचं वाईट वाटतं.

मुलीच्या पुस्तकातलं राहिलं. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतलं ऊर्जेचं केंद्र, त्याच्या आतल्या पडद्यातनं एनएडीएच हा इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू स्वतः जाऊ शकत नाही, म्हणून त्याचे इलेक्ट्रॉन मॅलेट नावाच्या रेणूवर लादून आत पाठवतात, माल आत उतरला की वाहक ॲस्पार्टेटच्या रूपानं परत बाहेर येतो आणि फेरी पुन्हा सुरू. तिला सांगा की नुसतं 'ये-जा' असं पाठ करू नकोस, धोटा रिकामा फिरत नाही, काहीतरी पलीकडं पोचवून येतो. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर इस्रायल आणि अरब देशांत समेट घडवायला 1974 मध्ये जेरुसलेम, कैरो, दमास्कस असे विमानानं हेलपाटे घालत होते त्याला शटल डिप्लोमसी म्हणाले ते पण त्याच अर्थानं, समोरासमोर न बसणाऱ्या दोघांमधे निरोप नेणारा माणूस.

शटर लांबच्या नात्यातलं. 'शट' म्हणजे मुळात दाराला अडसर सरकवणं, आणि अडसर पण झटक्यात ढकलायचा, म्हणून तो शब्दही त्याच 'शूट' च्या कुळातला. पण शटलचा अर्थ 'बंद करणारं' असा कुणी सांगत असेल तर ते चूक, नातं चुलत आहे, बाप-लेकाचं नाही.