गच्चीवर सापडलेला किडा कुठल्याच फोटोशी जुळत नाही. नवी प्रजाती असेल तर तिला माझं नाव देता येईल का?

प्राण्यांना नावं देण्याच्या नियमात बंदी नाही, पण स्वतःचं नाव स्वतः कोणी देत नाही. लाज वाटते. ते दुसऱ्याने द्यायचं असतं.

"फोटोशी जुळत नाही" वाचून मात्र माझं जुनं दुखणं उठलं.

एम.एस्सी.ला मी मुळशीच्या गायरानात शेणाचे पो उपसून ऑन्थोफॅगस वंशातले शेणकिडे गोळा करायचो. काही नरांना लांब शिंगं, काहींना नुसता उंचवटा. बाकी सगळं सारखं. आमच्या एका सीनियरने बिनशिंग्यांची "नवी प्रजाती" करून टाकली, पेपरसुद्धा लिहून तयार! मी म्हटलं, पोट उघडून बघू. तर म्हणे, "तुला सगळ्यांची पोटंच फाडायची असतात."

रात्री लॅबमध्ये एकट्याने दोन्हींची पोटं कॉस्टिक पोटॅशमध्ये (मांस विरघळवणारं तीव्र रसायन) गरम केली. मांस विरघळून गेलं आणि उरलं ते नराचं जननांग, मधाच्या रंगाचं, कडक, तिळाहून लहान. सुईने उलटंपालटं करून पाहिलं. शेणकिड्यांच्या प्रजाती बहुधा याच्याच आकारावरून ओळखतात. टोकाचा बाक, कडेची खाच, दोन्हींत तंतोतंत तीच. अळीला वाट्याला आलेलं शेण भरपूर असलं की शिंग येतं, कमी पडलं की येत नाही. म्हणजे नवी प्रजाती नाही, उपाशी वाढलेले भाऊ!

सीनियरने पेपर मागे घेतला, पण आजही भेटला की ऐकवतो, "डीएनए केला असता तर पोटं फाडावी लागली नसती." अरे, डीएनएने दोघं एक आहेत एवढं कळलं असतं. त्यांना नाव कुठलं लावायचं? बऱ्याच जुन्या प्रजातींना ज्यांवरून नावं दिली ते मूळ नमुने लंडनच्या संग्रहालयात टाचणीवर आहेत, कितीतरींचा डीएनए कोणी काढलेलाच नाही. तिथे शिंगं, केस, खाचाच जुळवाव्या लागतात. ब्रिटिश कीटकतज्ज्ञ ॲरोसाहेबांचा शेणकिड्यांवरचा १९३१ चा खंड आम्ही अजून उघडतो तो काही हौस म्हणून नाही.

तुमचा किडा मेलेला असेल तर अल्कोहोलमध्ये ठेवा, ठिकाण आणि तारीख पेन्सिलीने लिहून चिठ्ठी आतच टाका. पुण्याजवळ असाल तर आकुर्डीला झूऑलॉजिकल सर्व्हेचं, म्हणजे प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचं, केंद्र आहे, तिथे विचारा. खरंच नवा निघाला तर नमुना घरच्या डबीत ठेवून चालत नाही, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे नेमून दिलेल्या संग्रहालयात जमा करावा लागतो.

डीएनए निरुपयोगी आहे असं नाही हं. हुबेहूब दिसणाऱ्या कितीतरी प्रजाती त्यानेच वेगळ्या काढल्यात. आणि हो, वरचं सगळं पुराण नराचं आहे. तुमची मादी असेल तर माझाही फारसा उपयोग नाही.