'रूट रेस'ला मराठीत काय म्हणावं?

कुडाळहून एका वाचकांनी विचारलंय: थिऑसॉफीवरच्या (सगळ्या धर्मांमागे एकच गूढ ज्ञान आहे असं मानणाऱ्या विचारावरच्या) अभ्यासलेखाचा मराठी अनुवाद करतोय; 'रेस'ला जात म्हणू, वर्ण म्हणू की वंश? आणि आपल्याकडे 'मूळपुरुष' आहेच, तर 'रूट रेस'ला 'मूळवंश' चालेल का?

'जात' नकोच. थिऑसॉफिकल सोसायटीचं पहिलं उद्दिष्टच वंश, पंथ, लिंग, जात, रंग यांपैकी कुठलाही भेद न मानणाऱ्या विश्वबंधुत्वाचं आहे. त्या यादीत 'रेस' आणि 'कास्ट' दोन्ही येतात. पहिल्याला जात म्हणून बसलात तर दुसऱ्याला काय म्हणणार? शेवटच्या 'कलर'लाही वर्ण करू नका, मराठी वाचक थेट चातुर्वर्ण्यात जातो. 'रंग' पुरे.

'वंश' मात्र जपून वापरावा लागतो. संस्कृतात वंश म्हणजे बांबूसुद्धा; पेरावर पेर, तशी पिढीवर पिढी. वंशावळ, निर्वंश, वंशवेल या सगळ्यांत नावानिशी सांगता येणारी रक्ताची नाती आहेत. कोकणात देवापुढे घालतात त्या गाऱ्हाण्यात ज्या मूळपुरुषाला हाक घालतात तोही एका कुळाचा, एका गावात येऊन वसलेला. सोसायटीच्या एक संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाई, त्यांच्या 'रूट रेस'चा असा कुणी पूर्वज नाही. १८८८ च्या 'द सीक्रेट डॉक्ट्रिन'मध्ये त्या अख्ख्या मानवजातीच्या उत्क्रांतीचे सात टप्पे मांडतात: तिसरा लेमुरियन, चौथा अटलांटियन, पाचवा आर्य. कुणी पुढे गेलेले, कुणी मागे उरलेले, अशी उतरंड त्यात आपोआप येते. विश्वबंधुत्व सांगणाऱ्या विचारातच ही उतरंड कशी नांदली, हाच तर अभ्यासकांचा प्रश्न आहे.

तेव्हा 'मूळवंश' खुशाल वापरा, 'सब-रेस'ला 'उपवंश'. पण हे शब्द ब्लाव्हाट्स्कीबाईंचं म्हणणं सांगतानाच. अभ्यासक स्वतः बोलू लागला की 'वंशकल्पना' लिहा, म्हणजे असे वंश खरोखर असतात असं अनुवादकच सांगतोय असं वाटणार नाही. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

'आर्य' शब्दाला तळटीप द्या, पण तिथे टिळकांना ओढू नका. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १९०३ मध्ये आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाकडे मांडलं ते वेदांतल्या लांबलेल्या उषेच्या आणि दीर्घ रात्रीच्या उल्लेखांवरून. तो वाद वेगळा.

आणि 'रेसिझम'ला वर्तमानपत्री 'वर्णद्वेष' इथे बसत नाही. या लेखनात द्वेषापेक्षा श्रेणी लावणं आहे, 'वंशवाद' लिहा.