कायदेविषयक प्रश्नोत्तरे : घर दोघांचे, कर्ज कोणाचे?

प्रश्न : लग्नाला पंधरा वर्षे झाली. गेले दीड वर्ष मी मुलीसह इंदूरमध्येच रामबागेत माहेरी राहते आहे आणि परस्पर संमतीने घटस्फोट घेण्याचे आमचे ठरत आहे. सुदामानगरातील फ्लॅटची रजिस्ट्री दोघांच्या नावावर असून गृहकर्जात मी सहकर्जदार आहे. सुरुवातीची रक्कम माझ्या वडिलांनी दिली, हप्ते पतीच्या पगारातून जात आणि घरखर्च माझ्या शाळेच्या पगारात चालत असे. याशिवाय पतीने भावाच्या दुकानासाठी वैयक्तिक कर्ज काढले आहे आणि माझ्या पाटल्या व गोठ सोनेतारण ठेवले आहेत. ‘घर निम्मे हवे असेल तर सगळे कर्जही निम्मे घे,’ असे ते म्हणतात. न्यायालय असेच वाटप करते का?
– एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : नाही. गोव्याचा अपवाद सोडल्यास, लग्नानंतर मिळवलेले सारे आपोआप निम्मे-निम्मे होते असा नियम आपल्याकडे नाही, आणि कर्जाच्या बाबतीतही तो नाही. प्रत्येक मालमत्ता कोणाच्या नावावर आहे, पैसा कोणी घातला आणि प्रत्येक कर्जाच्या कागदावर सही कोणाची आहे, हे वेगवेगळे तपासावे लागते. पती-पत्नींमधील मालमत्तेचा दावा ऐकण्याचा अधिकार 1984च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 7ने त्याच न्यायालयाला दिलेला असल्यामुळे त्यासाठी वेगळ्या दिवाणी न्यायालयात जाण्याचे कारण नाही.

फ्लॅटविषयी 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 45 तुमच्या उपयोगाचे आहे. रजिस्ट्रीत हिस्से लिहिलेले नसतील तर ज्याने जेवढा पैसा घातला त्या प्रमाणात हिस्सा धरतात, आणि तसा पुरावा नसेल तर दोघांचे हिस्से समान मानले जातात. म्हणून वडिलांनी दिलेल्या रकमेचे बँकेतील उतारे आजच काढून ठेवा. हप्ते पतीच्या खात्यातून गेले हे खरे. परंतु किराणा, वीजबिल आणि मुलीची फी तुमच्या पगारातून जात होती म्हणूनच त्यांचा पगार हप्त्यांसाठी मोकळा राहिला, ही बाजू वकिलांकरवी ठामपणे मांडावी.

खरी अडचण बँकेची आहे, आणि तडजोडीच्या भरात नेमका तिचाच विसर पडतो. ‘घर पतीकडे राहील आणि हप्ते पती भरतील’ असे तुम्ही कितीही स्वच्छ लिहून घेतले आणि न्यायालयाने त्यावर हुकूमनामा दिला, तरी बँक त्या प्रकरणात पक्षकार नसल्याने तिचा हक्क जसाच्या तसा राहतो. करारविषयक कायद्याच्या कलम 43नुसार ती संपूर्ण थकबाकी दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकते. पतीने हप्ते थांबवले की नोटीस तुमच्याही दारी येईल आणि कर्जफेडीच्या नोंदीत तुमचेही नाव खराब होईल. भरलेली रक्कम नंतर पतीकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण त्यासाठी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागेल. यावर उपाय एकच. अंतिम जबाब नोंदवण्यापूर्वी पतीने एकट्याच्या नावावर नवे कर्ज घेऊन जुने फेडावे, किंवा बँकेने तुम्हाला कर्जातून मुक्त केल्याचे लेखी द्यावे, आणि त्यानंतरच तुम्ही हक्कसोडपत्रावर सही करावी. पतीच्या एकट्याच्या पगारावर बँक तयार होत नसेल, तर फ्लॅट विकून कर्ज फेडून उरलेली रक्कम वाटून घेणेच मला शहाणपणाचे वाटते.

दुकानाच्या वैयक्तिक कर्जावर तुमची सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही नसेल, तर केवळ पत्नी आहात म्हणून ते तुमच्या माथी येत नाही. सही केली होती की नाही हे आठवत नसेल, तर कर्जाच्या कागदांची प्रत मागून पाहा.

पाटल्या आणि गोठ लग्नात तुम्हाला मिळाले असतील तर ते स्त्रीधन आहे. पतीने अडचणीच्या वेळी स्त्रीधन वापरले तरी ते किंवा त्याचे मोल परत करणे त्याच्यावर बंधनकारक राहते, आणि स्त्रीधन ही पती-पत्नींची संयुक्त मालमत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024मध्ये माया गोपीनाथन यांच्या प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले. तेव्हा सोनेतारण कर्ज ‘निम्मे’ करण्याचा विषयच येत नाही. सराफ्यातील जुन्या पावत्या सापडत नसतील तर लग्नाचे फोटो शोधा. एरवी वर्षानुवर्षे कपाटात पडून असलेला अल्बम अशा वेळी कामास येतो. दागिने तारणातून सोडवून हातात मिळण्याची तारीख तडजोडीत स्पष्टपणे घाला.

संमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणी ही अट शिथिल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017मध्ये म्हटले आहे. तुमच्या बाबतीत ती शिथिल करून घेण्याची घाई करू नका. बँकेची कामे उरकायला हा काळ पुरला तरी खूप झाले.

प्रश्न : मी माझ्या पगारातून पत्नीच्या नावे प्लॉट घेतला. घटस्फोटात तो मला मिळेल का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पत्नीच्या नावे घेतलेली मालमत्ता बेनामी व्यवहारविषयक कायद्यातील 2016च्या दुरुस्तीनंतर बेनामी ठरत नाही, त्यामुळे तुम्ही दावा करू शकता. मात्र पैसा आपला होता एवढे दाखवून भागत नाही; प्लॉट तिच्यासाठी घेतलेला नव्हता, हेही तुम्हालाच सिद्ध करावे लागेल. त्या वेळी नातेवाइकांत ‘बायकोला प्लॉट घेऊन दिला’ असे सांगितले असेल, तर दावा अवघड आहे.