चार खोल्या आणि नाना तऱ्हेचे पाहुणे

मालवणजवळच्या वडिलोपार्जित घरातील चार खोल्या येत्या हंगामापासून पर्यटकांना द्यायच्या आहेत, तेव्हा कुटुंबे, ज्येष्ठ मंडळी, तरुणांचे गट आणि परदेशी पाहुणे यांची एकाच घरात सोय कशी लावावी आणि प्रत्येकासाठी भाव वेगळा ठेवावा का, असे आपण विचारले आहे. तारकर्ली परिसरात मी आणि माझी पत्नी गेली 14 वर्षे असेच घर चालवतो, त्या अनुभवावरून लिहितो.

सुरुवातीला मीही पाहुण्यांचे असेच प्रकार पाडले होते. दुसऱ्या वर्षी एका तरुण जोडप्याने दोन मुलांसह खोली घेतली आणि आयत्या वेळी सोबत आजी आल्या. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली होती. आमचे न्हाणीघर आणि शौचालय तेव्हा मागच्या बाजूला, जांभ्याच्या तीन पायऱ्या उतरून होते. आजींनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. मात्र वारंवार उतरावे लागू नये म्हणून त्या दोन दिवस पाणीच बेताने पीत होत्या, हे माझ्या पत्नीच्या लक्षात आले तेव्हा त्यांची निघण्याची वेळ झाली होती. त्यानंतर आम्ही एका खोलीला लागूनच कमोड, भिंतीला धरायला दांडी आणि खरबरीत फरशी करून घेतली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आरक्षणाचा फोन आला की सोबत कोण येणार, कोणाला पायऱ्यांचा त्रास आहे का, कोणते औषध किंवा पथ्य आहे का, आणि काय खात नाहीत, हे आम्ही विचारल्याशिवाय राहत नाही. आपणही खोल्या रंगवण्याआधी ही एक खोली करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

ज्येष्ठांना सिंधुदुर्ग किल्ला पाहायचाच असतो, आणि तो त्यांनी अवश्य पाहावा. पण होडीत चढताना-उतरताना तोल सांभाळावा लागतो आणि किल्ल्याचा विस्तार सुमारे 48 एकर आहे, हे त्यांना घरीच सांगावे. सकाळच्या पहिल्या होड्यांनी जावे, शिवराजेश्वराचे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या मंदिरात, दर्शन घ्यावे, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरी पाहाव्यात आणि ऊन चढण्याआधी परतावे, एवढे पुरेसे होते. लहान मुलांच्या आईवडिलांना मी वेगळीच गोष्ट बजावतो: देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथे पाणी शांत दिसले तरी आत ओढ असते, म्हणून मुलांना संगमाकडे पाण्यात सोडू नये.

आता स्वयंपाकघर, कारण सर्वाधिक गैरसमज तेथेच होतात. शाकाहारी आणि जैन हे दोन शब्द आपण सहज एकत्र उच्चारतो, पण आपल्या मालवणी ताटात त्यांच्यात फार अंतर आहे. खतखते शुद्ध शाकाहारी असले तरी त्यात सुरण, करांदे, कणग्या असतात, आणि जमिनीखाली वाढणारे कंद जैन पाहुणे खात नाहीत. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याच्या वाटपात कांदा असतो आणि सोलकढीत लसूण पडते. आम्ही अशा पाहुण्यांना घावणे आणि नारळाचा रस, शिरवाळे, हंगामात कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी आणि लसूण न घातलेली सोलकढी देतो. त्यांच्यापैकी अनेक जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, म्हणून पान सहाच्या आत वाढावे लागते. बिडाचा तवा आणि पळ्याही वेगळ्या ठेवाव्यात. ज्या तव्यावर दुपारी बांगडा तळला, त्यावर घासूनपुसून घावणे काढले आणि पाहुण्याला कळले नाही, तरी ते योग्य नव्हे. तेवढी भांडी जमत नसतील तर आधीच नम्रपणे नाही म्हणावे.

तरुणांच्या गटांना आमच्याकडून फार काही नको असते. रात्री दहानंतर आवाज नको, एवढे आम्ही आरक्षणाच्या वेळीच सांगतो. मात्र स्कूबा करून त्याच संध्याकाळी मोपा किंवा चिपीहून विमान पकडण्याचा त्यांचा बेत असतो, तो मी बदलायला लावतो, कारण पाण्याखाली गेल्यानंतर निदान 18 तास विमानप्रवास टाळावा. एकट्या येणाऱ्या स्त्रियांना आतून पक्की कडी, अंगणात रात्रभर दिवा आणि घरातील बाईमाणसाशी पहिले बोलणे, एवढ्याने पुष्कळ निर्धास्त वाटते. परदेशी पाहुण्याची नोंद 24 तासांच्या आत शासनाच्या संकेतस्थळावर करणे बंधनकारक आहे. अमेरिकेहून आलेले आपले मराठी नातेवाईकही, पासपोर्ट परदेशी असल्यास, त्यात येतात.

आणखी एक वर्ग आपल्या यादीत नाही, तो म्हणजे मुंबईचे चाकरमानी. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नसते. देवीचा कौल होऊन तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी फोन सुरू होतात. ही माणसे रात्री-अपरात्री येतात, त्यांना आंघोळीला गरम पाणी आणि पाठ टेकायला जागा हवी असते. त्या दिवसांत आम्ही पडवीतही गाद्या घालतो.

भावाविषयी सांगायचे तर, खोलीचा दर माणूस पाहून बदलू नये. हंगामानुसार तो कमीजास्त असावा, पण त्या दिवशी सर्वांना एकच असावा. जेवणाचे पैसे ताटाप्रमाणे निराळे घ्यावेत, मासळीचा भाव सकाळी लिलावानंतर कळवावा आणि आजींसाठी केलेल्या मऊ भाताचे पैसे मात्र लावू नयेत.