पुणे महापालिकेचं बजेट बारा हजार कोटींचं, मग आमच्या गल्लीतला फूटपाथ का होत नाही?

तुम्ही विचारलंय की 2025-26 चं अंदाजपत्रक 12,618 कोटींचं असताना तुमच्या गल्लीतल्या उखडलेल्या फूटपाथसाठी पैसे नाहीत हे कसं. मी पुणेकर नाही, पण करसल्लागार आहे आणि आमच्या शहराचं अंदाजपत्रक दरवर्षी पेन्सिल घेऊन वाचतो. घरचे हसतात, हसू देत.

आधी त्या आकड्याचा धाक सोडा. एवढे पैसे तिजोरीत पडलेले नसतात, वर्षभरात इतके येतील असा तो अंदाज असतो. 2013 साली जकात गेली, तिच्या जागी एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, 2017 मध्ये जीएसटीने तोही संपवला. आता त्या बदल्यात राज्य सरकार दर महिन्याला भरपाई देतं, ती बऱ्यापैकी भरवशाची. उरलेला मोठा भाग मिळकतकर आणि बांधकाम परवानग्यांच्या शुल्काचा. फ्लॅटचा बाजार थंडावला की हे शुल्कही आटतं.

खर्च मात्र आटत नाही. पगार, पेन्शन, पाणी उपसायची वीज, कचरा हे ठरलेलं. पीएमपी या शहर बससेवेची तूट भरायची, त्यात पुण्याचा वाटा 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा 40. शिवाय आधीच सुरू असलेल्या पुलांची, सांडपाणी प्रकल्पांची बिलं. जमा कमी पडली की कात्री लागते ती तुमच्या गल्लीला, कारण तिच्यासाठी कोणी कोर्टात जात नाही.

आणि कात्रीपेक्षाही वाईट म्हणजे वर्गीकरण. एका अर्थशीर्षाचे, म्हणजे खर्चाच्या एका खात्याचे (हेडचे) पैसे उचलून दुसऱ्यावर टाकायचे, याला हा शब्द. आमच्या गल्लीच्या फूटपाथला एका वर्षी 5 लाखांची तरतूद छापून आली होती. मी त्या पानाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, अभिनंदनं स्वीकारली. फेब्रुवारीत चौकशीला गेलो तर कनिष्ठ अभियंता म्हणाला, "काका, त्या हेडला आता काही नाही. वर्गीकरण झालं." मार्चमध्ये शेजारच्या गल्लीतले धडधाकट पेव्हर ब्लॉक काढून नवे बसवले गेले. पालिकेचं नाव घेत नाही, पण मार्चमधली अशी घाई तुम्हीही पाहिली असेलच.

म्हणून बातमीतला एकूण आकडा सोडा आणि अंदाजपत्रकाचं मूळ पुस्तक उघडा. मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, तो रकाना बघा. पुढच्या वर्षासाठी मोठी रक्कम आणि मागच्या खर्चासमोर शून्य असेल, तर ते काम नुसतं छापण्यापुरतं आहे. मोठ्या कामासमोर लाखभराची टोकन तरतूद दिसली, तर फक्त हेड उघडं ठेवलंय असं समजा.

पुण्यात 2006 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेतात, क्षेत्रीय कार्यालयांमार्फत. तो अर्ज जरूर भरा. फूटपाथ त्यात बसतो, उड्डाणपूल नाही. नगरसेवक आपल्या प्रभागासाठी सुचवतात त्या कामांच्या 'स' यादीतूनही अशी छोटी कामं होतात. मार्च 2022 नंतर बराच काळ पुण्यात नगरसेवकच नव्हते. तेव्हा सरकारने नेमलेला प्रशासकच अंदाजपत्रक मांडणार आणि तोच मंजूर करणार, त्यामुळे नगरसेवकांच्या मुख्य सभेत भांडायलाही कोणी नव्हतं.

तरतूद छापून आली म्हणजे काम झालंच असं धरलं, ही चूक मी केली. पावसाळा संपला की पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचं एस्टिमेट, झालंय का ते विचारा, दिवाळीनंतर निविदा निघाली का ते. डिसेंबरपर्यंत निविदा नसेल तर त्या पैशांवर दुसऱ्या कुणाचा तरी डोळा आहे असं धरून चाला आणि लेखी अर्ज टाका. तोंडी विचारलेलं कुठे राहत नाही.

आमचा फूटपाथ त्याच्या पुढच्या वर्षी झाला. मारुतीच्या देवळापर्यंतच. पलीकडचा तुकडा पूर्वगणनपत्रकातच धरला नव्हता, त्याचा अर्ज परवा देऊन आलोय.